प्रिॲक्ट: बोटाला लगेच दाद देणारी लायब्ररी

प्रिॲक्ट ही रिॲक्ट या लायब्ररीच्याच पद्धतीने वेब ॲपचे पडदे बांधणारी छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी. तिची ओळख बहुतेक वेळा एकाच आकड्याने करून दिली जाते: ३ केबी. तो आकडा आता थोडा मागे पडला आहे. दहाव्या आवृत्तीचा गाभा जीझिप केल्यावर (पाठवण्यासाठी आकसल्यावर) ४ ते ५ केबी भरतो. हुक (कंपोनंटला, म्हणजे पडद्याच्या एकेका तुकड्याला, स्वतःची माहिती ठेवू देणारी फंक्शनं) घेतले की दीड-एक केबी वाढतात आणि रिॲक्टसाठी लिहिलेल्या लायब्रऱ्या चालवायला कॉम्पॅट जोडलं की सगळं मिळून १० केबीच्या आसपास जातं. रिॲक्ट आणि रिॲक्ट-डॉम ही जोडी आवृत्तीनुसार ४० ते ६० केबी घेते, त्यामुळे फरक मोठा आहेच. पण मोबाइलसाठी ॲप बांधणाऱ्याने प्रिॲक्ट निवडावी याचं मुख्य कारण हा आकडा नाही. ही लायब्ररी ब्राउझरच्या स्वतःच्या इव्हेंटवर (टॅप, सरकवणं यांच्या सूचनांवर) थेट चालते. बोट आणि डॉम (ब्राउझरने धरलेलं पानातल्या एलिमेंटचं झाड) यांच्यामध्ये ती स्वतःची इव्हेंट-यंत्रणा घालत नाही. टच पडद्यावर याचं मोल वाचलेल्या केबींपेक्षा जास्त आहे, आणि तरीही त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

जेसन मिलर यांनी २०१५ मध्ये प्रिॲक्ट सुरू केली. हुक आणि फ्रॅगमेंट आणणारी दहावी आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आली, तिलाच प्रिॲक्ट एक्स म्हणतात. सप्टेंबर २०२२ मध्ये सिग्नल (बदलत्या मूल्यांच्या डब्या, त्यांच्याबद्दल पुढे) आले. परवाना एमआयटी. गूगल क्रोम लॅब्जचं स्क्वूश हे चित्रं लहान करणारं वेब ॲप प्रिॲक्टवर बांधलेलं आहे. जड काम करणारं पान फोनवरही कसं सुटसुटीत राहतं हे पाहायचं असेल तर त्याचा उघडा सोर्स वाचण्याजोगा आहे.

आकड्याचा खरा हिशेब

आधी केबींचं काय ते उरकू. लाइटहाउस या पानाचा वेग तपासणाऱ्या साधनाची मोबाइल चाचणी धीम्या ४जीची नक्कल करते: उतरण्याचा वेग १.६ एमबीपीएस, विनंती जाऊन उत्तर येण्याच्या फेरीला १५० मिलिसेकंद आणि प्रोसेसर चौपट हळू. १.६ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २०० केबी. रिॲक्टऐवजी प्रिॲक्ट घेऊन ५० केबी वाचले, तर उतरण्याच्या वेळेत पाव सेकंद वाचलं. त्याच पानाच्या माथ्यावर ३०० केबीचं एक चित्र असेल तर ते एकटं दीड सेकंद खातं. तेव्हा आधी चित्र लहान करा, मग लायब्ररी बदला.

मात्र केबी-केबीतही फरक असतो. चित्र उलगडण्याचं काम बहुतांशी मुख्य थ्रेडबाहेर होतं. स्क्रिप्ट उतरली की तिचं पार्सिंग, कंपाइलिंग आणि चालवणं हे सगळं कमकुवत फोनच्या त्याच प्रोसेसरवर पडतं, आणि ती चालते तो मुख्य थ्रेड म्हणजे बोटाला उत्तर देणारा थ्रेड. म्हणून ५० केबी स्क्रिप्ट वाचणं हे ५० केबी चित्र वाचण्यापेक्षा जास्त मोलाचं.

आणखी एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा: नव्या टीसीपी जोडणीत सर्व्हर पहिल्या खेपेला साधारण १० पॅकेट पाठवतो, म्हणजे १४ केबीच्या आसपास. पहिल्या पडद्याचं एचटीएमएल आणि त्याला लागणारं सीएसएस एवढ्यात बसवलं तर पहिल्याच खेपेत काहीतरी दिसू लागतं. प्रिॲक्टचं अख्खं रनटाइम आणि एका छोट्या पानाचा कोड दुसऱ्या खेपेत सहज मावतो. रिॲक्ट-डॉमच्या बाबतीत हे जमत नाही.

पण हा सगळा फायदा एका बेसावध इम्पोर्टने जातो. तारखांची मोमेंट लायब्ररी सगळ्या भाषांसकट आत आली, किंवा दोन फंक्शनांसाठी अख्खी लोडॅश आली, की वाचवलेलं सगळं परत गेलं. तारखांसाठी ब्राउझरचं इंटल-डेटटाइमफॉरमॅट पुरेसं आहे, त्याचे शून्य केबी लागतात.

उभारणी

टर्मिनलमध्ये एनपीएम इनिट प्रिॲक्ट ही आज्ञा दिली की फोल्डरचं नाव, जावास्क्रिप्ट की टाइपस्क्रिप्ट, राउटर हवा का, पानं आधीच एचटीएमएलमध्ये तयार करायची का आणि कोडमधल्या चुका दाखवणारं ईएसलिंट हवं का, एवढे प्रश्न येतात. फोनसाठीचं ॲप असेल तर राउटरला आणि प्रीरेंडरला हो म्हणावं. मागे व्हीट हे बिल्ड-साधन असतं, त्यामुळे बिल्ड झाल्यावर प्रत्येक फाइलचा जीझिप आकार टर्मिनलमध्येच दिसतो. तो आकडा दर बिल्डला वाचायची सवय हे निम्मं काम आहे.

इथे दोन गोष्टींकडे लक्ष हवं. प्रिॲक्टचा व्हीट प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) मुळातच रिॲक्ट हे नाव प्रिॲक्ट-कॉम्पॅटकडे वळवून ठेवतो. सोय चांगली आहे, पण तुम्ही आणलेल्या एखाद्या छोट्या आयकॉन-पॅकेजने आतून रिॲक्ट मागितलं तर कॉम्पॅट गुपचूप बंडलमध्ये (फोनवर जाणाऱ्या एकत्रित कोडमध्ये) येतं आणि काही तुटत नसल्यामुळे कळतही नाही. कॉम्पॅट नको असेल तर प्रीसेटमध्ये रिॲक्ट-एलियसेस-एनेबल्ड हा पर्याय फॉल्स करावा. मग असं पॅकेज आलं आणि खरी रिॲक्ट प्रकल्पात बसवलेली नसेल तर बिल्ड अडतं आणि निर्णय तुमच्या हातात राहतो. दुसरी गोष्ट प्रिॲक्ट-डीबगची. चुकीचे हुक, दुहेरी की, चुकीची एचटीएमएल मांडणी हे सगळं तो इशाऱ्यांसह दाखवतो आणि डेव्हलपमेंटमध्ये प्रीसेट त्याला आपोआप जोडतो. जुने लेख वाचून कुणी तो एंट्री फाइलच्या पहिल्या ओळीत हाताने इम्पोर्ट केला तर तो थेट वापरकर्त्याच्या फोनपर्यंत पोचतो. आकार वाढतो आणि प्रत्येक रेंडरला (पडदा पुन्हा रचताना) जादा तपासण्या चालतात.

बिल्ड करायचंच नसेल तर एचटीएम हे जोडपॅकेज आहे. ते एक केबीहूनही लहान आहे आणि जेएसएक्सऐवजी (कोडमध्येच एचटीएमएलसारखं लिहिण्याच्या पद्धतीऐवजी) जावास्क्रिप्टच्या टेम्पलेट स्ट्रिंगमध्ये मार्कअप लिहू देतं. एक एचटीएमएल फाइल, एक इम्पोर्ट मॅप (कुठलं पॅकेज कुठल्या पत्त्यावरून आणायचं याची यादी), आणि ॲप तयार. इम्पोर्ट मॅप क्रोम ८९, फायरफॉक्स १०८ आणि सफारी १६.४ पासून चालतात, त्यामुळे जुने आयफोन धरायचे असतील तर हा मार्ग सोडावा. चार-पाच पडद्यांच्या ॲपपर्यंत तो छान चालतो. त्यापुढे फायलींची संख्या वाढते आणि एकामागून एक इम्पोर्टच्या फेऱ्या महाग पडू लागतात.

टचचं काम: इथे प्रिॲक्ट खरी उजवी ठरते

रिॲक्ट इव्हेंट मुळाशी ऐकते आणि मग आपल्या कंपोनंटच्या झाडातून स्वतःच्या पद्धतीने वाटते. सतराव्या आवृत्तीपासून ती टचस्टार्ट, टचमूव्ह आणि व्हील हे तीन इव्हेंट पॅसिव्ह म्हणून, म्हणजे ब्राउझरची कृती न रोखण्याच्या बोलीवर, नोंदवते. परिणाम असा की ऑनटचमूव्हमध्ये प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरची नेहमीची कृती थांबवणारी आज्ञा) लिहिलं तरी पान सरकतंच आणि कन्सोलमध्ये लाल ओळ येते. प्रिॲक्ट ऐकणारा थेट त्याच एलिमेंटवर लावते, पॅसिव्हचा कुठलाही पर्याय न देता. त्यामुळे प्रिव्हेंटडिफॉल्ट चालतं, कारण तो साधा ॲडइव्हेंटलिसनर आहे. हँडलरचं फंक्शन दर रेंडरला बदललं तरी डॉमवरचा लिसनर काढून पुन्हा लावला जात नाही. फक्त आतलं फंक्शन बदलतं. जेएसएक्समध्ये जागच्या जागी ॲरो फंक्शन लिहिण्याची भीती बाळगण्याचं कारण नाही.

हीच मोकळीक अंगाशी येऊ शकते. पॅसिव्ह नसलेला टचमूव्ह लांबलचक यादीवर लावला की प्रत्येक सरकवणीआधी ब्राउझरला मुख्य थ्रेडची वाट पाहावी लागते, कारण तुम्ही कधी प्रिव्हेंटडिफॉल्ट म्हणाल याचा नेम नसतो. क्रोमच्या कन्सोलमध्ये व्हर्बोस पातळी चालू केली तर याची सूचना येते. उपाय दोन आहेत. फक्त ऐकायचं असेल तर रेफ (डॉममधल्या एलिमेंटचा थेट धागा) घेऊन युजइफेक्टमध्ये (रेंडरनंतर चालणाऱ्या हुकमध्ये) पॅसिव्ह ट्रू देऊन लिसनर लावावा. ओढण्याची हालचाल हवी असेल तर टच इव्हेंट सोडून पॉइंटर इव्हेंट घ्यावेत आणि कुठली दिशा कुणाची हे सीएसएसच्या टच-ॲक्शनने आधीच ठरवून टाकावं.

उदाहरणार्थ, यादीतली ओळ डावीकडे सरकवून काढून टाकायची आहे. ओळीला टच-ॲक्शन: पॅन-वाय द्या, म्हणजे उभं स्क्रोल ब्राउझरचं आणि आडवी हालचाल तुमची. पॉइंटरडाउनवर क्लायंटएक्स टिपून ठेवा आणि सेटपॉइंटरकॅप्चर करा, म्हणजे बोट ओळीबाहेर गेलं तरी इव्हेंट त्याच ओळीकडे येत राहतात. पॉइंटरमूव्हवर फरक काढून रेफमधल्या एलिमेंटच्या स्टाइल-ट्रान्सफॉर्मवर थेट लिहा. स्टेटला (बदलली की रेंडर घडवणाऱ्या माहितीला) हात लावू नका. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झवर ८.३, तेवढ्यात कंपोनंट पुन्हा रेंडर करण्याची गरजच काय? पॉइंटरअपवर अंतर ओळीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असेल तर काढून टाका, नाहीतर ट्रान्झिशन लावून जागेवर आणा.

यात नेमकं काय बिघडतं ते असं. टच-ॲक्शन द्यायचं राहिलं तर बोट थोडं सरकताच ब्राउझर ती हालचाल स्क्रोल म्हणून ताब्यात घेतो आणि तुम्हाला पॉइंटरकॅन्सल पाठवतो. तो इव्हेंट ऐकलेला नसेल तर ओळ अर्ध्यात लटकते आणि तशीच राहते. म्हणून टच-ॲक्शन दिलेलं असलं तरीही पॉइंटरकॅन्सलवर ओळ जागेवर आणायचं काम करावंच; उभं स्क्रोल सुरू झालं की तो येतोच. दुसरी चूक की ची, म्हणजे ओळ ओळखण्यासाठी दिलेल्या खुणेची. ओळींना क्रमांक हीच की दिलेली असेल आणि तिसरी ओळ काढली, तर प्रिॲक्ट तिसऱ्या ओळीचंच डॉम चौथ्या ओळीसाठी वापरते. ट्रान्सफॉर्म तुम्ही हाताने लिहिलेलं असल्यामुळे लायब्ररीला त्याची खबर नसते, आणि नवी तिसरी ओळ सरकलेल्या स्थितीत दिसते. नोंदीची स्वतःची ओळख-संख्या की म्हणून द्या, प्रश्न मिटतो. तिसरं, आयफोनच्या सफारीत पडद्याच्या कडेपासून आत ओढलं की मागचं पान येतं. त्या पट्ट्यात तुमची हालचाल सुरू होऊ देऊ नका, कारण तिथे ब्राउझरच जिंकतो. आणि ओढता न येणाऱ्यांसाठी त्याच ओळीत एक साधं बटण ठेवा, डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभतेच्या नियमावलीत ओढण्याला पर्याय असणं हा निकषच आहे. बटणाचा किमान आकार तिथे २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल सांगितला आहे, पण अंगठ्यासाठी ४४ ते ४८ धरणं शहाणपणाचं.

टॅपच्या उशिरासाठी अजूनही कुणी फास्टक्लिक जोडत असेल तर ती काढून टाकावी. व्ह्यूपोर्टमध्ये विड्थ=डिव्हाइस-विड्थ असेल तर क्रोमने ३२व्या आवृत्तीपासून आणि आयओएसच्या सफारीने ९.३ पासून ३०० मिलिसेकंदांची ती वाट पाहणं बंद केलं आहे. आज ती लायब्ररी फक्त फोकस आणि सिलेक्ट-बॉक्स बिघडवते.

इनपुटबद्दल एक खास इशारा. प्रिॲक्टच्या गाभ्यात ऑनचेंज म्हणजे डॉमचा खरा चेंज इव्हेंट, तो खोक्यातून बाहेर पडल्यावर येतो. अक्षरागणिक हवं असेल तर ऑनइनपुट लिहावं. कॉम्पॅट आत असेल तर तेच ऑनचेंज रिॲक्टसारखं वागतं. म्हणजे आज कॉम्पॅट असताना चाललेला शोधखोका उद्या कॉम्पॅट काढल्यावर मुका होतो. पहिल्यापासून ऑनइनपुटच लिहिलं तर दोन्हीकडे चालतं. तसंच व्हॅल्यू दिली म्हणून खोका पक्का ताब्यात आला असंही नाही: फक्त अंक ठेवायचे म्हणून अक्षर गाळलं आणि स्टेट आधीइतकीच राहिली, तर रेंडर होत नाही आणि गाळलेलं अक्षर डॉममध्ये तसंच दिसतं. तिथे इव्हेंटच्या टार्गेटची व्हॅल्यूही स्वतः बदलावी लागते. अँड्रॉइडचे कीबोर्ड शब्द पुरा होईपर्यंत कंपोझिशनमध्ये (अक्षरं पक्की न झालेल्या अवस्थेत) असतात, त्यामुळे मजकुराच्या खोक्यात मध्येच व्हॅल्यू बदलली की अक्षरं दुप्पट होणं किंवा कर्सर उडणं ठरलेलं. अंकांसाठी इनपुटमोड न्यूमेरिक द्या आणि मजकूर खोका सोडल्यावर तपासा. खोक्याचा फाँट १६ पिक्सेलहून लहान ठेवू नका, नाहीतर आयफोन फोकस होताच पान मोठं करतो.

सिग्नल: सोय मोठी, पण वाचायची पद्धत कळायला हवी

सिग्नल हे वेगळं पॅकेज आहे, भर दोन-तीन केबींची. यात मूल्य एका डबीत असतं आणि व्हॅल्यू या नावाने वाचलं-लिहिलं जातं. गंमत अशी की जेएसएक्समध्ये सिग्नल स्वतःच ठेवला, व्हॅल्यू न काढता, तर प्रिॲक्ट तो थेट टेक्स्ट-नोडला बांधते. मूल्य बदलल्यावर कंपोनंट पुन्हा चालत नाही, फक्त तेवढा मजकूर बदलतो. मात्र त्याच जागी व्हॅल्यू वाचली तर अख्खा कंपोनंट त्या सिग्नलवर अवलंबून होतो आणि प्रत्येक बदलाला रेंडर होतो. एका शब्दाचा फरक, पण कामगिरीत जमीन-अस्मानाचं अंतर. ॲट्रिब्यूटलाही हेच लागू आहे: वरच्या ओळ सरकवण्याच्या कामात अंतराचा सिग्नल आणि त्यातून ट्रान्सफॉर्मची स्ट्रिंग देणारा कम्प्युटेड (दुसऱ्या सिग्नलवरून आपोआप निघणारा सिग्नल) करून तो स्टाइलला दिला, तर रेफमध्ये हाताने न लिहिताही रेंडर टळतं.

नेहमीच्या चुका तीन. ॲरेच्या सिग्नलमध्ये पुश केलं की काहीच हलत नाही. डबीत नवा ॲरे ठेवावा लागतो. कंपोनंटच्या आत सिग्नल हे फंक्शन वापरलं की दर रेंडरला नवी डबी बनते आणि जुनं मूल्य हरवतं. तिथे युजसिग्नल हवं. आणि सर्व्हरवर रेंडर होत असेल तर मोड्यूलच्या पातळीवरचा सिग्नल सगळ्या विनंत्यांमध्ये एकच असतो. एकाच्या बास्केटमधला माल दुसऱ्याच्या पानावर दिसू शकतो. ही चूक एकट्याच्या चाचणीत कधीच सापडत नाही, म्हणून नियमच करावा: सर्व्हरवर चालणाऱ्या कोडमध्ये वापरकर्त्याची माहिती काँटेक्स्टमधून (कंपोनंटच्या झाडात वरून खाली माहिती देण्याच्या सोयीतून) द्यायची.

जिथे प्रिॲक्ट कमी पडते

इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट, म्हणजे आयएनपी (टॅपपासून पडद्यावर बदल दिसेपर्यंतचा वेळ), १२ मार्च २०२४ पासून गूगलच्या कोअर वेब व्हायटल्स या मापांमध्ये आहे. पान उघडणाऱ्या १०० जणांतल्या ७५ जणांना २०० मिलिसेकंदांच्या आत उत्तर दिसलं तर ते चांगलं धरतात, ५०० च्या वर वाईट. प्रिॲक्ट स्टेटमधले बदल एकत्र करून मायक्रोटास्कमध्ये रेंडर करते, म्हणजे इव्हेंट संपल्या संपल्या, रंगवण्याच्या आधी. छोट्या पडद्यासाठी हे उत्तमच. पण हजार ओळींची यादी अक्षरागणिक गाळायची असेल तर ते सगळं रेंडर एका दमात होतं आणि टाइप केलेलं अक्षर तोवर दिसत नाही.

रिॲक्टमध्ये यावर जड काम लांबणीवर टाकणारे स्टार्टट्रान्झिशन आणि युजडिफर्डव्हॅल्यू आहेत. कॉम्पॅटमध्येही ही नावं मिळतात, पण ती फक्त लायब्रऱ्या तुटू नयेत म्हणून: स्टार्टट्रान्झिशन दिलेलं फंक्शन लगेच चालवतं आणि युजडिफर्डव्हॅल्यू दिलेलं मूल्य तसंच परत देतं. कुठलाही एरर नाही, इशारा नाही, आणि कामही लांबणीवर पडत नाही. रिॲक्टवरून आणलेलं ॲप प्रिॲक्टवर उलट हळू वाटलं तर पहिला संशय इथे घ्यावा. हा या लायब्ररीचा सगळ्यात मोठा उणेपणा आहे, आणि तो दस्तऐवजात आहे त्यापेक्षा ठळक अक्षरांत लिहायला हवा.

त्यावर करायचं ते असं: खोक्याचा मजकूर आणि गाळण्याचा मजकूर या दोन वेगळ्या स्टेट ठेवा. पहिली लगेच बदला. दुसरी रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेमच्या आत सेटटाइमआउट शून्य लावून बदला, म्हणजे अक्षर आधी रंगतं आणि मग जड काम सुरू होतं. नवं अक्षर आलं की आधीचा टाइमआउट रद्द करा. पहिल्या खेपेला ५० ओळीच दाखवा, यादीच्या तळाशी इंटरसेक्शनऑब्झर्व्हर लावून पुढच्या आणा. ओळींना कंटेंट-व्हिजिबिलिटी: ऑटो आणि कंटेन-इन्ट्रिन्सिक-साइझ दिलं तर पडद्याबाहेरच्या ओळींचं लेआउट ब्राउझर टाळतो; सफारीत हे १८व्या आवृत्तीपासून आहे, त्याआधी नुसतं दुर्लक्षित होतं, बिघडत काही नाही.

पोर्टलमधून (कंपोनंटचं डॉम पानात दुसरीकडे ठेवण्याच्या सोयीतून) इव्हेंट कंपोनंटच्या झाडात वर चढत नाहीत, हा दुसरा फरक. खालून वर येणारी शीट पोर्टलने बॉडीत टाकली असेल आणि आतला टॅप बाहेरच्या कंपोनंटवर ऐकायचा बेत असेल, तर तो तिथे पोचणार नाही. हँडलर प्रॉप (कंपोनंटला बाहेरून दिलेलं मूल्य) म्हणून आत द्या. शिवाय आता डायलॉग हा एलिमेंट सगळीकडे चालतो, बहुतेक वेळा पोर्टलची गरजच पडत नाही. रिॲक्टचे सर्व्हर कंपोनंट प्रिॲक्टमध्ये नाहीत. त्यांच्यावर उभं असलेलं ॲप आणायचा विचार सोडावा.

हायड्रेशनची (सर्व्हरवरून आलेलं तयार एचटीएमएल फोनवर जिवंत करण्याची) एक खोच आहे. वेग राखण्यासाठी हायड्रेट करताना प्रिॲक्ट सर्व्हरवरून आलेले ॲट्रिब्यूट बरोबरच आहेत असं धरते आणि मुख्यतः इव्हेंट जोडते. पडद्याच्या रुंदीवरून क्लास ठरवला आणि सर्व्हरने मोठ्या पडद्याचा क्लास लिहिला, तर फोनवरही तोच चिकटून बसतो. रुंदीचे निर्णय सीएसएसच्या मीडिया क्वेरीत ठेवा. अगदीच स्क्रिप्टमध्ये हवे असतील तर युजइफेक्टमध्ये, हायड्रेशन झाल्यावर. त्याच मीडिया क्वेरींमध्ये हॉव्हरचे (माउस वर असतानाचे) रंग हॉव्हर: हॉव्हर या अटीखाली घाला, नाहीतर टच फोनवर टॅप केल्यानंतर बटण रंगलेलंच राहतं. पूर्ण उंचीच्या पडद्याला १००व्हीएच ऐवजी १००डीव्हीएच द्या. ॲड्रेस बार दिसत असताना तळाचं बटण झाकलं जात नाही.

दुसऱ्या पर्यायांशी तुलना थोडक्यात. स्वेल्ट कंपाइल होऊन येते आणि छोट्या ॲपमध्ये प्रिॲक्टच्या तोडीची हलकी राहते, पण रिॲक्टचं जमा झालेलं कोडभांडार तिथे उपयोगी पडत नाही. सॉलिडचे अपडेट आणखी नेमके असतात. मात्र प्रॉप मोडून घेतले की प्रतिसाद थांबतो, याची सवय व्हायला वेळ लागतो. रिॲक्ट येणाऱ्या टीमला प्रिॲक्टवर पहिल्या दिवसापासून काम करता येतं, आणि कोरा प्रकल्प असेल तर कॉम्पॅटशिवाय सुरुवात करावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधीचं रिॲक्ट ॲप हलवताना

चार एलियस (एका पॅकेजचं नाव दुसऱ्याकडे वळवणाऱ्या नोंदी) लागतात: रिॲक्ट आणि रिॲक्ट-डॉम ही दोन्ही प्रिॲक्ट-कॉम्पॅटकडे, रिॲक्ट-डॉममधलं टेस्ट-यूटिल्स प्रिॲक्टच्या टेस्ट-यूटिल्सकडे आणि रिॲक्टचं जेएसएक्स-रनटाइम प्रिॲक्टच्या जेएसएक्स-रनटाइमकडे. व्हीटचा प्रीसेट हे स्वतः करतो, वेबपॅक या बिल्ड-साधनात हाताने लिहावे लागतात. मग बऱ्याचदा पहिल्याच पडद्यावर एक कोडं पडतं: अनडिफाइन्डमधून दोन अधोरेखा आणि एच या नावाची गोष्ट वाचता येत नाही, असा एरर. त्याचा अर्थ बंडलमध्ये प्रिॲक्टच्या दोन प्रती आहेत. हुक एका प्रतीचे आणि रेंडर दुसरीचा. एनपीएम एलएस प्रिॲक्ट चालवून दुसरी प्रत कुणी आणली ते पाहा, त्या पॅकेजची आवृत्ती जुळवा, आणि व्हीटच्या रिझॉल्व्हमध्ये डीड्यूपखाली प्रिॲक्ट लिहा. हाच एरर हुक कंपोनंटबाहेर वापरल्यावरही येतो, म्हणून प्रत एकच निघाली तर तिकडे पाहावं.

पानं वेगळी तोडण्यासाठी प्रिॲक्ट-आयसो या पॅकेजचं लेझी वापरावं. त्यातून आलेल्या कंपोनंटला प्रीलोड हे फंक्शन असतं. डेस्कटॉपवर ते माउस वर आल्यावर बोलावतात. फोनवर दुव्याच्या पॉइंटरडाउनवर बोलावा. बोट टेकण्यात आणि उचलण्यात जो थोडा वेळ जातो, तेवढ्यात विनंती निघालेली असते.

आता तोडलेल्या फायली आणि सर्व्हिस वर्कर (पानामागे राहून फायली कॅशमधून देणारी स्क्रिप्ट) एकत्र आले की होणारी गडबड. फायलींच्या नावात हॅश (आतल्या मजकुरावरून निघालेला संकेत) असतो. नवी आवृत्ती चढवताना जुन्या फायली सर्व्हरवरून पुसल्या, तर ज्याच्या फोनवर ॲप सकाळपासून उघडं आहे त्याचं जुनं पान जुन्या हॅशची फाइल मागतं, ४०४ येतं, आणि दुव्यावर टॅप केल्यावर पडदा कोरा होतो. मागच्या दोन-तीन आवृत्त्यांच्या फायली सर्व्हरवर राहू द्या. एचटीएमएल कॅशमधून आधी न देता आधी नेटवर्कवर विचारा, उत्तर आलं नाही तरच कॅशचं द्या. हॅश असलेल्या फायली मात्र बेलाशक कॅशमधून. आणि विंडोवर व्हीटचा व्हीट:प्रीलोडएरर हा इव्हेंट ऐकून पान एकदाच पुन्हा उघडा. सेशनस्टोरेजमध्ये खूण ठेवायला विसरू नका, नाहीतर फाइल खरोखरच नसेल तेव्हा पान स्वतःला न थांबता उघडत राहील.